‘हा आमच्या टीमवर राग काढतोय का?’ : बेसबॉलच्या टीकात्मक बातम्या कशा तपासायच्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ह्यूस्टनला राहता, घरात तिथल्या बेसबॉल टीमचा म्हणजे अ‍ॅस्ट्रोजचा सामना चुकत नाही आणि टीमवर लिहिणारा एक पत्रकार तुमच्या पार डोक्यात गेला आहे. टीम जिंकली तरी तो खुसपट काढतो, हरली तर धुऊन काढतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालंय की त्याला आकस आहे आणि तो क्लिकसाठी लिहितो. तुम्हाला मात्र पूर्ण पटत नाही, म्हणून विचारता आहात की त्याचं वाचणं सोडावं का, आणि आकस आहे की नाही हे ओळखायचं कसं.

आकस ओळखता येत नाही. कुणाच्या मनात शिरायची सोय नाही, आणि शिरता आलं तरी त्याचा उपयोग फार नाही. टीमवर खार खाऊन असलेला माणूस शंभर टक्के खरी बातमी देऊ शकतो, आणि टीमवर जीव टाकणारा साफ चुकीची. क्रीडा डेस्कवर टीकेची कॉपी हातात आली की मी तीन गोष्टी वेगळ्या काढतो: तपशील खरा आहे का, निवड रास्त आहे का (म्हणजे हेच का लिहिलं आणि ते का सोडलं), आणि सूर कसा आहे. चाहत्यांना खटकतो तो बहुतेक वेळा सूर. पण राग आला की माणूस तपशीलच नाकारून मोकळा होतो, आणि सगळा घोळ तिथे होतो.

तुम्ही त्या पत्रकाराचं नाव दिलं नाहीत ते बरंच केलंत. पण तो नेमकं काय काम करतो तेही लिहिलेलं नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

बीट रायटर (एकाच टीमवर रोज लिहिणारा बातमीदार) असेल तर तो फेब्रुवारीत वेस्ट पाम बीचच्या स्प्रिंग ट्रेनिंगपासून (मोसमाआधीच्या सरावापासून) टीमच्या मागे असतो. नियमित मोसमाचे १६२ सामने, त्यातले निम्मे बाहेरगावी. ज्या पिचरबद्दल (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूबद्दल) काल रात्री कडक लिहिलं, त्याच्याच लॉकरसमोर आज दुपारी वही घेऊन उभं राहायचं असतं. हा धाक मोठा असतो. तपशील चुकला तर तो खेळाडू चारचौघांत तोंडावर सांगतो. त्यामुळे बीट रायटरची चूक सहसा घाईची असते: रात्रीच्या सामन्याची बातमी सातव्या-आठव्या इनिंगपर्यंत (एकूण नऊ असतात) अर्धी लिहून झालेली असते, नवव्या इनिंगमध्ये सामना फिरला की वरचे दोन परिच्छेद बदलतात आणि खालचे जुन्या सुरातच राहून जातात. ‘जिंकलो तरी रडगाणं’ असं वाटायला लावणाऱ्या बातम्यांपैकी काहींचं कारण एवढंच असतं.

स्तंभलेखकाचं कामच मत देणं आहे. त्याच्याकडे तटस्थपणा मागणं म्हणजे वकिलाकडे निकाल मागण्यासारखं. त्याला विचारायचं ते इतकंच की मताखाली घातलेला तपशील खरा आहे का. तिसरे ते देशभरातल्या ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) बातम्या फोडणारे. त्यांचं सगळं फोनवर चालतं, आणि फोनच्या पलीकडे खेळाडूचा एजंट असेल तर ‘तीन टीम्सना यात रस आहे’ या वाक्याने कुणाचा भाव वाढतो हे सांगायला नको.

चौथा प्रकार लोक विसरतात, तो म्हणजे टीव्हीवरचा आवाज. ह्यूस्टनमध्ये तुम्ही सामने बघता ते स्पेस सिटी होम नेटवर्क अ‍ॅस्ट्रोज आणि रॉकेट्स (ह्यूस्टनची बास्केटबॉल टीम) यांच्याच मालकीचं आहे. समालोचक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांच्यात फार जाणकार लोक आहेत. पण मर्यादा कुठे येते ते २०२३ मध्ये बाल्टिमोरला दिसलं. तिथल्या ओरिओल्स टीमचे समालोचक केव्हिन ब्राउन यांनी जुलैमध्ये एका सामन्याआधी सांगितलं की मागच्या काही वर्षांत टँपा बेच्या मैदानावर टीमची कामगिरी वाईट होती, यंदा सुधारली आहे. खरं तर हे कौतुकच. तरी ते त्यानंतर काही आठवडे प्रक्षेपणावरून गायब होते. ओरिओल्सकडे ज्याची बहुतांश मालकी त्याच चॅनेलवर हे घडलं. क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही; २०२० मध्ये संजय मांजरेकर बीसीसीआयच्या समालोचन पॅनेलबाहेर गेले तेव्हा आपल्याकडेही हीच चर्चा झाली होती. मुद्दा असा की रोज तीन तास टीमच्याच चॅनेलचा सूर कानात असला की बाहेरच्या माणसाचा साधा सूरही कडू लागतो. वर्तमानपत्रवाल्यांचा प्रेस बॉक्समधला दंडक अगदी उलटा आहे: टाळी वाजवायची नाही. घरच्या टीमने नवव्या इनिंगला होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून सामना जिंकला तरी नाही.

आता आपल्या बाजूची तपासणी. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात एक दांडगाईचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. त्याचीच फिल्म नंतर दोन्ही कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या टीमचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म एकच. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टीव्ही बातम्यांबाबत हेच दाखवलं: इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या लोकांना त्याच बातम्या दाखवल्या, आणि दोन्ही गट म्हणाले की या आमच्या विरोधात आहेत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तेव्हा ‘मला हे पक्षपाती वाटतं’ हा पुरावा धरायचा नाही. ती फक्त तपासायला सुरुवात करायची खूण.

तुमच्याच टीमचं उदाहरण घेऊ, कारण यापेक्षा चांगलं मला बेसबॉलमध्ये ठाऊक नाही.

२०११ ते २०१३ या तीन मोसमांत अ‍ॅस्ट्रोज अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले. मे २०१४ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलच्या एव्हन ड्रेलिक यांनी टीमच्या कारभारावर मोठा टीकात्मक लेख लिहिला. आशय असा की टीमच्या पद्धती टोकाच्या आहेत, आणि खेळाडूंत व बाकीच्या टीम्समध्ये तिच्याबद्दल नाराजी आहे. तीनच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच कारभाराने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकून दिली. तो लेख तेव्हा कुणी काढून वाचला असता तर हसलाच असता.

मग १२ नोव्हेंबर २०१९. तोवर क्रीडा बातम्यांच्या साइटवर, द अ‍ॅथलेटिकमध्ये गेलेले ड्रेलिक आणि केन रोझेन्थाल यांची बातमी आली की २०१७ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने घरच्या मैदानावर कॅमेऱ्याच्या मदतीने खुणा चोरल्या. बॅटरमागे बसणारा कॅचर पिचरला बोटांनी खूण करतो, की आता अमुक चेंडू टाक. दुसऱ्या बेसवर उभ्या धावणाऱ्याने ती खूण डोळ्यांनी टिपली तर चालतं, तो खेळाचा भाग आहे. इथे सेंटर फील्डचा कॅमेरा कॅचरच्या बोटांवर रोखलेला, त्याचं चित्र डगआउटमागच्या बोळात लावलेल्या मॉनिटरवर, आणि मॉनिटरशेजारी कचऱ्याचा डबा. वळणारा किंवा संथ चेंडू येणार असेल तर डब्यावर दणका, फास्टबॉल असेल तर शांतता. (पुढे २०२२ मध्ये पिचकॉम आलं, कॅचर बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीत ऐकू येतं, बोटांच्या खुणा आता जवळपास गेल्याच.)

‘हा जुना राग काढतोय’ हा आरोप करणं त्या दिवशी किती सोपं होतं बघा. टीमवर आधीच टीका केलेला पत्रकार, टीम सोडून गेलेला पिचर माइक फायर्स हा मुख्य साक्षीदार, आणि बाकीचे नाव न सांगणारे. आकसाच्या कसोटीवर ही बातमी पहिल्याच मिनिटात नापास झाली असती.

आता तपशिलाच्या कसोटीवर बघा. बातमीत लिहिलं होतं की २०१७ मध्ये टीमबरोबर असलेल्या चार जणांनी हे सांगितलं, त्यातला एक फायर्स, नावासकट. दुसरं नाव डॅनी फार्कर, शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर. सप्टेंबर २०१७ मध्ये ह्यूस्टनला पिचिंग करताना त्याला चेंजअपच्या (संथ चेंडूच्या) खुणेनंतर दणका ऐकू आला होता. म्हणजे मैदान, महिना, पिचर, आवाज, सगळं तपासता येण्याजोगं. सामन्याचं चित्रीकरण इंटरनेटवर होतं. लोकांनी ते उघडलं आणि दणके ऐकू आले.

पुढचं काम तर अ‍ॅस्ट्रोजच्याच एका चाहत्याने केलं. तो वेब डिझायनर. त्याने आवाजाचा आलेख काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि २०१७ च्या घरच्या ८१ सामन्यांपैकी ५८ सामन्यांचं चित्रीकरण मिळवून चेंडूगणिक ऐकलं. ८,२७४ चेंडू, त्यात १,१४३ दणके. ते त्याने सगळ्यांसाठी खुले ठेवले. टीमबद्दलचा सर्वांत कडू पुरावा टीमच्या चाहत्याने गोळा केला, आणि त्यातूनच काही खेळाडूंना न्यायही मिळाला: मार्विन गोन्झालेझच्या बॅटिंगला १४७ दणके, होजे आल्टुवेच्या फक्त २४. ‘सगळे सारखेच’ हे इतर शहरांतल्या लोकांचं वाक्य त्या आकड्यांपुढे टिकत नाही. तपासणीचा हा फायदा बघा. ती दोन्ही बाजूंनी कापते.

१३ जानेवारी २०२० ला बेसबॉल चालवणाऱ्या मेजर लीगचा अहवाल आला: ५० लाख डॉलर दंड, २०२० आणि २०२१ च्या ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतल्या) पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या निवडी रद्द, जनरल मॅनेजर जेफ लुनाउ आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांना एकेक वर्ष बंदी. मालक जिम क्रेन यांनी त्याच दिवशी दोघांनाही काढून टाकलं.

‘पण दुसऱ्यांनीही केलं!’ हे वाक्य तुमच्या ग्रुपवर असणारच. त्यात तथ्य आहे. एप्रिल २०२० मध्ये बॉस्टन रेड सॉक्सवर २०१८ मधल्या प्रकाराबद्दल कारवाई झाली, त्यांची दुसऱ्या फेरीची निवड गेली. न्यू यॉर्क यांकीजना डगआउटचा फोन वापरल्याबद्दल एक लाख डॉलर दंड झाला होता, ते पत्र २०२२ मध्ये बाहेर आलं. पण हा आक्षेप निवडीबद्दलचा आहे: एकावर इतकी शाई आणि बाकीच्यांवर इतकी कमी का, हा रास्त प्रश्न आहे आणि संपादकाला जरूर विचारावा. मूळ बातमी खरी की खोटी याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही आक्षेप एकत्र कालवले की हातात काहीच उरत नाही.

२०१९ मधलंच दुसरं प्रकरण टीमच्या खुलाशाबद्दल शिकवतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये यांकीजना हरवल्यावर क्लबहाउसमधल्या (खेळाडूंच्या खोलीतल्या) जल्लोषात असिस्टंट जनरल मॅनेजर ब्रँडन टाउबमन महिला पत्रकारांच्या दिशेने ‘रॉबर्टो ओसुना आपल्याकडे आला हे बरं झालं’ असं ओरडत राहिले. ओसुना हा घरगुती हिंसाचाराबाबतच्या नियमाखाली २०१८ मध्ये ७५ सामन्यांची बंदी भोगलेला पिचर. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमध्ये बातमी आली, आणि टीमने त्याच रात्री सांगितलं की बातमी दिशाभूल करणारी आहे, नसलेली गोष्ट रचली आहे, खेळाडूला खराब खेळीबद्दल प्रश्न विचारले जात होते आणि टाउबमन त्याला आधार देत होते. तिथे हजर असलेल्या इतर पत्रकारांनी सांगितलं की तशी मुलाखत चालूच नव्हती. २४ ऑक्टोबरला टाउबमन यांना काढलं, आणि नंतर मालकांनी तो खुलासा मागे घेतला.

म्हणून टीमचा खुलासा वाचताना मी बघतो की तो कोणत्या वाक्यावर बोट ठेवतो. ‘अमक्या दिवशी मी तिथे नव्हतो, ही नोंद’ असा खुलासा वजनदार. ‘पत्रकाराचा हेतू वाईट आहे’ एवढाच असेल तर तो तपशिलाला उत्तर देत नाही. आणि त्याच खोलीत इतर पत्रकार होते का, ते काय म्हणतात, यासाठी दोन दिवस थांबा. पहिल्या रात्री बाजू घेणारे दोन्हीकडचे लोक हमखास तोंडघशी पडतात.

हे एकट्या अ‍ॅस्ट्रोजचं नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर होमरनच्या विक्रमाच्या मागे असताना असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या स्टीव्ह विल्स्टीन यांना त्याच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोन या औषधाची बाटली दिसली. ते औषध तेव्हा बेसबॉलमध्ये बंद नव्हतं, ऑलिंपिकमध्ये होतं. बातमी नेमकी तेवढंच सांगत होती. मॅग्वायरच्या सेंट लुईस टीमचे मॅनेजर टोनी ला रूसा भडकले आणि एपीला क्लबहाउसमध्ये येऊ देऊ नये म्हणाले. चाहत्यांनी आणि काही पत्रकारांनीसुद्धा ‘दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतो’ म्हणून विल्स्टीन यांनाच धारेवर धरलं. मॅग्वायरने त्या मोसमात ७० होमरन मारले, आणि जानेवारी २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली.

आता उलट बाजू, कारण तुमचा अविश्वास काही वेळा अगदी बरोबरही असतो.

ऑक्टोबर २००६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने सूत्रांच्या हवाल्याने छापलं की पिचर जेसन ग्रिम्स्लीच्या चौकशीच्या न्यायालयीन कागदात उत्तेजकं घेणाऱ्यांमध्ये रॉजर क्लेमन्सचं नाव आहे. क्लेमन्स तेव्हा तुमच्या अ‍ॅस्ट्रोजकडूनच खेळत होता. कागदातली नावं काळी केलेली होती, त्यामुळे वाचकाला पडताळायला काहीच नव्हतं. डिसेंबर २००७ मध्ये कागद उघडा झाला. तिथे त्याचं तसं नाव नव्हतं. पेपरला चूक कबूल करावी लागली. विचित्र योग असा की आठवडाभर आधीच बेसबॉलमधल्या उत्तेजकांच्या चौकशीच्या मिचेल अहवालात, वेगळ्या साक्षीवरून, क्लेमन्सचं नाव आलं होतं. तरी ती २००६ ची बातमी चुकीचीच. ‘शेवटी संशय आलाच ना’ असं म्हणून तिला पास करता येत नाही.

म्हणजे निनावी सूत्र दिसलं की बातमी फेकायची नाही आणि गिळायचीही नाही. मोजायचं. किती सूत्रं आहेत? ती कुठे उभी होती: ‘२०१७ मध्ये टीमबरोबर असलेले चार जण’ यात जागा आहे, ‘जाणकारांच्या मते’ यात काहीच नाही. सूत्राने स्वतः पाहिलं की ऐकलं? नाव न देण्याचं कारण दिलंय का? एखादं नाव, कागद किंवा चित्रीकरण सोबत आहे का? टीमला विचारलं होतं का? या सहापैकी चारांचं उत्तर बातमीत असेल तर मी ती गंभीरपणे घेतो. एक-दोनच असतील तर दुसरीकडून दुजोरा येईपर्यंत बाजूला ठेवतो. मोसम बुडाल्यावर येणाऱ्या ‘क्लबहाउसमध्ये वातावरण बिघडलं होतं’ छापाच्या बातम्यांना मी आणखी कडक लावतो. हरलेल्या टीमचं वातावरण बिघडलेलंच असतं. आणि नोकरी वाचवू बघणारा प्रत्येक जण तेव्हा फोन उचलतो.

आकसाचा इतिहासही नाही असं नाही. टेड विल्यम्सचं बॉस्टनच्या पत्रकारांशी हाडवैर होतं. १९४२ आणि १९४७ मध्ये त्याने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे सरासरी, होमरन आणि धावा घडवून आणणं या तिन्हींत लीगमध्ये पहिला, आणि दोन्ही वर्षी पत्रकारांच्या मतांवर ठरणारा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर दुसराच झाला. १९४७ मध्ये जो डिमॅजिओला २०२ गुण, विल्यम्सला २०१. आणि मालकीचा प्रश्न विचाराल तर बॉस्टन ग्लोब २०१३ पासून जॉन हेन्री यांच्याकडे आहे, आणि तेच रेड सॉक्सचे मुख्य मालक. तिथल्या चाहत्याने अविश्वास दाखवायचा तर टीकेपेक्षा कौतुकाच्या बातमीवर आधी दाखवावा.

तुमच्या पत्रकाराची तपासणी मात्र दोन संध्याकाळींत होईल. त्याचे सलग २० लेख घ्या. सलग हा शब्द महत्त्वाचा. आठवणीतले निवडाल तर चीड आणणारेच निवडाल. जिंकलेल्या दिवसांचे लेखही त्यात आले पाहिजेत. कागदावर चार रकाने करा: तपासता येणारी विधानं किती, त्यातली चुकीची किती, टीमची बाजू दिलीय का, आणि मथळा मजकुराशी जुळतो का. मथळा वेगळा धरायचं कारण असं की तो बहुतेक ठिकाणी डेस्क देतं, लेखक देत नाही. मजकुरात ‘अडचणी वाढू शकतात’ असतं आणि वर ‘संकटात’ लागतं. शिवी खातो लेखक.

वीस लेखांत तपासण्याजोगी ५०-६० विधानं सहज निघतात: आकडे, तारखा, कराराच्या रकमा, कोण काय म्हणालं. आकड्यांसाठी बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या वेबसाइट्स पुरे. दोन-तीन चुका असतील आणि खाली दुरुस्ती छापली असेल तर माणूस ठीक. चुका तेवढ्याच, पण एकही दुरुस्ती नाही आणि सगळ्या चुका टीमच्या विरोधातच पडल्या असतील, तर तुमच्या ग्रुपचं म्हणणं मी ऐकेन. हे उंबरठे माझे, अनुभवाने ठरवलेले. तुम्ही थोडे इकडेतिकडे करा, पण मोजायच्या आधी ठरवा.

निवडीची परीक्षा करताना एक गणित लक्षात ठेवा. १०० सामने जिंकणारी टीम म्हणजे उत्तम टीम, आणि तीही ६२ वेळा हरते. आठवड्यातले दोन-तीन दिवस वाईट बातमीचे असतातच.

‘जिंकतायत तरी हा रडतोय’ यावर तर थेट आकडा आहे. टीमने केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा, १६२ ने गुणा. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं हे जुनं सूत्र आहे. समजा टीमने ७०० धावा केल्या आणि ६९० दिल्या: ४,९०,००० भागिले ९,६६,१०० म्हणजे ०.५०७, म्हणजे साधारण ८२ विजय. प्रत्यक्षात ती ९० जिंकली असेल तर एकेका धावेच्या सामन्यांनी हात दिलाय, आणि ‘पुढच्या वर्षी हे टिकणार नाही’ लिहिणारा पत्रकार कटकट्या नसून गणित करतोय. हेच दुसऱ्या बाजूला लावा. दोन आठवड्यांत एका बॅटरच्या बॅटिंगच्या ४० पाळ्या, म्हणजे अ‍ॅट-बॅट्स होतात. ८ हिट (बेसवर पोचवणारे फटके) म्हणजे सरासरी .२००, ११ हिट म्हणजे .२७५. मधलं अंतर तीन हिटचं, त्यातला एखादा दोन फील्डरच्या मधे टपकलेला. एवढ्यावरून ‘हा संपला’ असं कुणी लिहिलं तर ती टीका कच्ची आहे, आणि तसं त्याला खुशाल सांगा.

शेवटची एक युक्ती: लेखात अ‍ॅस्ट्रोजच्या जागी रेंजर्स घालून वाचा. डॅलसकडच्या या प्रतिस्पर्धी टीमबद्दल हाच लेख वाचून ‘बरोबर लिहिलंय’ वाटलं, तर अडचण लेखात नाही.

‘क्लिकसाठी’ या आरोपाबद्दल थोडंसंच. जिथे वर्गणी भरून वाचावं लागतं तिथे वर्गणीदार हे टीमचे चाहतेच असतात. त्यांना उगाच डिवचून धंदा बुडतो. जाहिरातींवर चालणाऱ्या साइट्स, यूट्यूब आणि स्पोर्ट्स टॉक रेडिओ यांना मात्र चिडलेला माणूसही चालतो, कारण तो ऐकत राहतो. तुमचा पत्रकार लिहितो एकीकडे आणि रेडिओवर ओरडतो दुसरीकडे असा असेल, तर दोन्ही कामं वेगवेगळी मोजा.

आणि तपासणीत खरंच चूक सापडली तर एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) हाणू नका. तिथे त्याला रोज डझनावारी शिव्या येतात, तुमची त्यातच जाईल. क्रीडा संपादकाला ईमेल करा, पाच-सहा ओळींचा: लेखाची तारीख, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, बरोबर तपशील, आणि तो कुठे पडताळता येईल त्याची लिंक. एका ईमेलमध्ये एकच चूक. ‘तुम्ही नेहमीच’ ने सुरू होणारं वाक्य नको, ते दिसलं की वाचणारा बाकीचं सोडून देतो. आठवडाभर वाट पाहा, उत्तर नाही आलं तर तोच ईमेल पुन्हा पाठवा. दुरुस्ती लागली तर ती ग्रुपवरही टाका, ज्या उत्साहाने मूळ लेख टाकला होता तितक्याच.